मांजरीची वेणीफणी

लांब केसांच्या मांजरीचे केस उन्हाळ्यात कापून टाकावेत की रोज विंचरावेत? जबलपूरच्या आमच्या घरात या प्रश्नावरून झालेला वाद, त्यात झालेली चूक आणि त्या चुकीतून मिळालेले शहाणपण.

गेल्या वर्षीची गोष्ट. मे महिन्यातली दुपार होती. जबलपूरचा पारा 44 अंशांवर गेलेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर तासातासाने मारलेले पाणी, कूलरची घरघर आणि त्या कूलरसमोरच्या फरशीवर चारही पाय पसरून पडलेली आमची कापशी. पिंजलेल्या कापसासारखी पांढरीशुभ्र म्हणून तिचे नाव कापशी. जातीने पर्शियन. चपटे नाक, गोल डोळे आणि अंगावर बोटबोट लांबीचे केस.

शेजारच्या भाभी ताक मागायला म्हणून आल्या आणि तिच्याकडे बघून हळहळल्या, "इतनी गर्मी में बेचारी कंबल ओढ़े पड़ी है! इसके बाल क्यों नहीं उतरवा देतीं?"

यांनी लगेच री ओढली, "भाभी बरोबर बोलतात. आपण मे महिन्यात स्वेटर घालून बसतो का?"

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, स्वेटर आपण काढून ठेवतो आणि थंडी आली की पुन्हा घालतो. हिचे केस काढल्यावर पुन्हा कुठून घालणार?"

वाद तिथेच संपायला हवा होता. पण तो संपला नाही आणि त्याला कारण मी होते.

कापशी घरी आली

कापशी खरी आमच्या मुलाची. नोकरीसाठी तो बंगळूरला गेला आणि भाड्याच्या घरात मांजर चालणार नाही म्हणून तिला आमच्याकडे ठेवून गेला. सासूबाईंनी प्रथम नाक मुरडले. "आपल्या घरात काय मांजरी नव्हत्या? पण त्या आपापल्या यायच्या, दूध प्यायच्या आणि जायच्या. त्यांचे कोणी असे लाड केले नाहीत," असे त्यांचे म्हणणे.

पण महिन्याभरात चित्र पालटले. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी सासूबाई ओसरीत पाटावर बसत, कापशी आपणहून त्यांच्या मांडीवर चढे आणि मग दहा मिनिटे तिची वेणीफणी चाले. त्यासाठी दुकानातून आणलेला ब्रश होता, पण सासूबाईंना रुंद दातांची फणीच पसंत. फणीत अडकलेले केस गोळा करून त्याचा लिंबाएवढा गोळा होई. तो बघून त्या म्हणत, "एवढे केस हिच्या पोटात गेले असते!" मामंजी गेल्यापासून संध्याकाळी त्यांना घर खायला उठायचे. ती वेळ कापशीने भरून काढली, हे आम्हा दोघांनाही कळत होते, पण कोणी बोलून दाखवत नव्हते.

मग त्या वर्षीच्या जानेवारीत न्हाणीघरात पाय घसरून सासूबाई पडल्या. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर, नंतर व्यायाम. हात बरा झाला, पण मूठ पूर्ण वळेना. फणी हातातून निसटायची. घरात आणखी दोन धडधाकट माणसे होती, पण त्या फणीला कोणी हात लावला नाही. "मांजर स्वतःला चाटून स्वच्छ करते की," असे म्हणून मी मोकळी झाले.

होळीपर्यंत कानांमागे गुंता दिसू लागला. एप्रिलमध्ये काखेत, पोटावर आणि शेपटीखाली हाताला गोळे लागू लागले. फणी लावली की कापशी गुरगुरायची. ज्यांच्या घरात मुली वाढल्या आहेत त्यांना गुंता आणि जट यांतला फरक सांगायला नको. गुंता बोटांनी सुटतो, जट सुटत नाही. कापशीच्या अंगावर आता जटा झाल्या होत्या.

एका दुपारचा निर्णय

भाभींच्या त्या बोलण्यानंतर दोन दिवसांनी मी कापशीला पिशवीत घालून कुत्र्या-मांजरांचे केस कापणाऱ्या एका दुकानात घेऊन गेले. सासूबाईंना सांगितले नाही. दुकानातल्या मुलाने तिच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, मशीन फिरवावे लागेल, तासाभराने या.

तासाभराने टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात जे दिले ते मला ओळखू येईना. डोके तेवढे मोठे आणि खाली गुलाबी कातडीचे किडकिडीत अंग. घरी येऊन बघते तो डाव्या काखेत बोटाच्या पेराएवढी चीर. रक्त सुकले होते. कापशी कपाटाखाली शिरली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. दुधाला, माशाला, कशालाच तिने तोंड लावले नाही.

सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. कपाटासमोर चटई टाकून तिथेच बसून राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पशुवैद्यांकडे गेलो. जबलपूरला या बाबतीत तोटा नाही. इथले पशुवैद्यकीय महाविद्यालय 1948 पासूनचे आणि 2009 साली इथे पशुवैद्यकाचे विद्यापीठच स्थापन झाले. त्याला नाव आहे नानाजी देशमुखांचे, म्हणजे हिंगोलीकडच्या कडोळीत जन्मलेल्या आपल्याच माणसाचे. अशा शहरात राहूनही मी आधी दुकान गाठले आणि डॉक्टर नंतर, याची मला लाज वाटली.

डॉक्टरांनी आधी जखम बघितलीच नाही. त्यांनी विचारले, "शेवटचं कधी खाल्लं?" मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला. मांजर, त्यातही जरा अंगाने भरलेले मांजर, काही दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होऊ शकते. माणसाला दोन दिवसांचा उपास पचतो, मांजराला तो जिवावर बेततो. त्यांनी सलाइन लावले, जखमेला तीन टाके घातले आणि कापशीला दिवसभर दवाखान्यात ठेवून घेतले. संध्याकाळी तिने चमचाभर खाल्ले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा पाणी मागितले.

केस म्हणजे कांबळे नव्हे

त्यानंतर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून जे सांगितले, ते लांब केसांचे मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असावे.

आपल्याला घाम सर्वांगाला येतो आणि तो वाळताना अंग थंड होते. म्हणून कपडे कमी केले की आपल्याला बरे वाटते. मांजराला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळपायांच्या गाद्यांना. तेव्हा अंगावरचे केस काढले म्हणून घाम वाळून गारवा मिळेल, हा हिशेब तिला लागू पडत नाही. मांजर अंग थंड करते ते चाटूनही. जिभेने केसांना लावलेली लाळ वाळते आणि अंगातली उष्णता घेऊन जाते.

"तुम्ही खिडकीला वाळ्याचा पडदा लावता ना?" डॉक्टर म्हणाले. "त्यावर पाणी मारता आणि त्यातून हवा आली की खोली गार होते. मांजराचं तेच आहे. केस हा पडदा, लाळ हे पाणी. पण पडद्यातून हवा खेळली पाहिजे. त्यावर चिखल थापला तर?"

जटा म्हणजे हा चिखल. लांब केसांच्या मांजरीच्या अंगावर वरचे लांब केस असतात आणि आत कापसासारखी मऊ लव असते. ही लव सतत गळत असते, ऋतू बदलताना अधिक. गळलेली लव बाहेर पडली नाही की वरच्या केसांत अडकून नमद्यासारखी घट्ट बसते. मग त्यात ना हवा जाते, ना पाणी वाळते. वरून ओल, घाण आणि पिसवा यांना घर मिळते. कातडी सतत ओढली गेल्याने प्रत्येक पावलाला दुखते, ते वेगळेच.

म्हणजे भाभींना कापशीची दया आली ती चुकीची नव्हती. तिला खरोखरच उकडत होते. पण त्याचा दोष केसांच्या लांबीकडे जात नव्हता, न विंचरलेल्या केसांकडे जात होता.

नीट विंचरलेले केस आणखी एक काम करतात. बाहेरची हवा अंगापेक्षा जास्त तापलेली असते तेव्हा ते तिची धग आत येऊ देत नाहीत. शिवाय ते उन्हापासून कातडीला वाचवतात. पांढऱ्या मांजरांना हे फार महत्त्वाचे. त्यांच्या कानांच्या कडा आणि नाक उन्हाने भाजतात आणि वर्षानुवर्षे असे होत राहिले तर तिथे कर्करोगही होतो. केस भादरलेली पांढरी मांजर खिडकीतल्या उन्हात बसली तर तिची पाठसुद्धा भाजू शकते.

यांनी शेवटचा मुद्दा काढलाच, "मग मेंढ्यांची लोकर धनगर कातरतात ती?"

डॉक्टर हसले. पाळीव मेंढीची लोकर वाढतच राहते, आपणहून गळत नाही. ती कातरली नाही तर मेंढीचे हाल होतात. मांजरीचा केस ठराविक लांबीपर्यंत वाढतो, थांबतो आणि गळून पडतो. मेंढीला कात्री लागते, मांजरीला फणी पुरते.

जीभ कमी पडते ती इथे

मग गावरान मांजरीला कोणी विंचरत नाही, तिच्या जटा का होत नाहीत?

याचे उत्तर मांजराच्या जिभेत आहे. तुमचा हात मांजराने चाटला असेल तर तिची जीभ कानशीसारखी खरखरीत लागते, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतील दोन संशोधकांनी 2018 साली या काट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक काट्याच्या टोकाला पन्हळीसारखी खाच असते. ती तोंडातली लाळ आपोआप उचलते आणि थेट केसांच्या मुळांशी पोहोचवते. वाघ-सिंहांपासून घरच्या मनीपर्यंत ही रचना सारखीच आहे. या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बाकीच्या मांजरांच्या केसांतून हे काटे कातडीपर्यंत पोहोचतात, पण पर्शियन मांजरीचे केस इतके दाट असतात की काटे तिथपर्यंत जाऊच शकत नाहीत.

म्हणजे "मांजर स्वतःला चाटून स्वच्छ करते की" हे माझे वाक्य गावरान मांजरीबाबत खरे होते. कापशीबाबत ते साफ खोटे होते.

असे केस तिला निसर्गाने दिले का? अंशतः. लांब केसांची मांजरे पूर्वीपासून होती. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने 1620 साली इराणातून लिहिलेल्या पत्रात अशा मांजरांचे कौतुक केले होते आणि त्यांची वीण आपल्या देशी न्यायचा बेत बोलून दाखवला होता. हाच प्रवासी पुढे 1623 साली सुरतेला आणि तिथून गोव्याला आला. आपल्या ओळखीचे आणखी एक नाव या गोष्टीत येते. पुण्याचे रेसिडेंट आणि नंतर मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्याआधी काबूलच्या राजाकडे वकील म्हणून गेले होते. 1815 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी नोंदवले आहे की लांब केसांची ही मांजरे अफगाणिस्तानातून मोठ्या संख्येने बाहेर जातात आणि सगळीकडे त्यांना 'पर्शियन' म्हणतात, जरी पर्शियात ती फारशी नाहीत.

पण त्या मांजरांचे केस आजच्याइतके दाट नव्हते आणि नाकही इतके चपटे नव्हते. 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले. तिथून पुढे बक्षिसांसाठी अधिक लांब केस, अधिक गोल चेहरा, अधिक बसके नाक अशी निवड पिढ्यान्पिढ्या होत गेली. आपल्याकडच्या बाजारात 'डॉल फेस', 'सेमी पंच', 'पंच फेस' असे भाव सांगतात तो त्याच हौसेचा वारसा. नाक जितके बसके तितका श्वास अवघड आणि उकाडा सोसायची ताकद कमी, हे मात्र विकणारा सांगत नाही.

माणसाने हौसेने मांजराचे केस तिच्या जिभेच्या आवाक्याबाहेर वाढवले. मग ते विंचरायचे कामही माणसाकडेच आले.

विंचरायचे कसे?

सासूबाईंची पद्धत आणि डॉक्टरांचा सल्ला यांत फारसा फरक निघाला नाही. त्यातून आम्ही ठरवलेले नियम असे:

• वेळ ठरलेली ठेवा. जेवण झाल्यावर मांजर सुस्तावते ती वेळ उत्तम. सुरुवातीला दोन मिनिटे पुरेत, सवय झाली की दहा मिनिटे. रोज दहा मिनिटे विंचरणे हे रविवारी तासभर झटापट करण्यापेक्षा चांगले.

• तिला आवडणाऱ्या जागेपासून सुरू करा. गाल, हनुवटी, पाठ. पोट, काखा, मांड्यांची आतली बाजू आणि शेपटीखालचा भाग शेवटी. जटा मात्र याच नावडत्या जागी होतात, तेव्हा त्या टाळू नका. पट्टा बांधत असाल तर त्याखालीही बघा.

• आधी रुंद दातांची धातूची फणी, मग बारीक दातांची. तारांचा ब्रश वापरायचा असेल तर हलक्या हाताने. कातडी पातळ असते, तिच्यावर ओरखडे उठतात.

• गुंता लागला तर मुलीचे केस सोडवतो तसा सोडवा. मुळाशी केस दोन बोटांत घट्ट धरा, म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, आणि टोकाकडून मुळाकडे थोडे थोडे मोकळे करा. चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरले तर गाठ सुटायला मदत होते. खोबरेल तेल लावू नका, त्यावर धूळ बसते.

• शेपूट आपटू लागली, कान मागे गेले की थांबा. जबरदस्तीने धरून ठेवलेले मांजर दुसऱ्या दिवशी फणी बघूनच पळते.

• कात्रीने जट कधीही कापू नका. मांजराची कातडी सैल असते. जट उचलली की तिच्याबरोबर कातडीही वर येते आणि कात्री केसाला लागते की कातडीला ते कळत नाही. पशुवैद्यांकडे येणाऱ्या कित्येक जखमा घरच्या कात्रीच्या असतात.

• अंघोळ घालायचीच असेल तर आधी विंचरा. गुंत्यावर पाणी पडले की तो आवळून बसतो. अंघोळीनंतर केस मुळापर्यंत कोरडे करा. पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या केसांत बुरशी धरते. पर्शियन मांजरांना गजकर्ण लवकर होतो आणि तो घरातल्या मुलाबाळांनाही लागतो.

• अंघोळीच्या पाण्यात घरातले जंतुनाशक टाकू नका. कुत्र्यासाठी आणलेली गोचिडांची पावडर किंवा औषधही मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजराला विष आहे. शिवाय अंगाला लावलेले सगळे ती चाटून पोटात घेते.

रोज विंचरण्याचा आणखी फायदा म्हणजे पोटात जाणारे केस कमी होतात, त्यामुळे केसांचे गोळे ओकणे कमी होते. एखादी गाठ, पिसू, जखम वेळेवर हाताला लागते. सासूबाईंनीच मागच्या वर्षी तिच्या कानामागचा चट्टा असाच पकडला होता.

मग केस कधीच कापायचे नाहीत का?

असेही नाही. मांजराचे केस कापणे हे पाप नव्हे. पण त्याला कारण हवे.

जटा अंगभर झाल्या असतील तर विंचरण्याचा हट्ट हा छळच होतो. अशा वेळी त्या कापून काढणे आणि कोऱ्या पाटीपासून सुरुवात करणे हेच बरे. कापशीच्या बाबतीत केस काढणे गरजेचे होतेच, डॉक्टरांनीही ते मान्य केले. चूक झाली ती कोणाकडून आणि कशी काढले यात. इतक्या घट्ट जटा असल्या तर मांजराला तपासून, गरज पडल्यास गुंगीचे औषध देऊन, पशुवैद्याच्या देखरेखीखाली केस काढावे लागतात. चपट्या नाकाच्या मांजराला गुंगी देणे हेही जोखमीचे, म्हणून ते काम डॉक्टरांचेच.

शेपटीखाली घाण चिकटत असेल तर तेवढेच केस कमी करावेत. म्हातारी, लठ्ठ किंवा सांधे दुखणारी मांजर मागे वळून स्वतःला चाटू शकत नाही, तिचे केस थोडे आखूड ठेवणे हिताचे असते. त्वचेचा आजार असेल, औषध लावायचे असेल तर डॉक्टर सांगतील तसे करावे.

केस कापायचे ठरलेच तर कातडीपर्यंत भादरू नयेत. इंचभर तरी ठेवावेत. मिशांना हात लावू नये, त्या तिच्या वाट शोधण्याच्या कामाच्या असतात. नंतर काही आठवडे तिला उन्हात बसू देऊ नये. दिवाळीच्या तोंडावर कापू नयेत, कारण लांब केस पुरते परत यायला चार-सहा महिने किंवा अधिकही लागतात आणि जबलपूरची थंडी मध्येच गाठते. सयामीसारखे गडद तोंड-कान असलेल्या लांब केसांच्या मांजरीचे केस कापले तर त्या जागी नवे केस अधिक गडद येऊ शकतात, कारण त्यांचा रंग कातडीच्या थंडपणावर ठरतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आणि उकाड्याचे काय? त्यावर फणीबरोबर घरातला गारवा हाच उपाय. मांजराला आपल्यापेक्षा ऊब अधिक सोसते. तिचे शरीरच 38 ते 39 अंशांचे असते. पण 44 अंश तिलाही जास्तच. दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी, मोकळी फरशी, पडदे, कूलर आणि दुपारी बंद खोलीत किंवा गच्चीवर न अडकण्याची काळजी इतके पुरते. पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमट झाली की कूलरचा उपयोग होत नाही, तेव्हा पंखा लावावा. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागली, लाळ गळू लागली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा चालताना झोकांड्या गेल्या तर तो उष्माघात समजावा. साध्या गार पाण्याने अंग भिजवावे, पंख्याखाली ठेवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. बर्फाचे पाणी ओतू नये.

फणी कोणाच्या हातात?

कापशीचे केस दिवाळीपर्यंत निम्मे आले आणि संक्रांतीपर्यंत पुरते. काखेतला व्रण आता दिसत नाही, पण बोटाला लागतो. विंचरताना मला तो रोज लागतो.

हो, आता मीही विंचरते. सासूबाईंची मूठ अजून पुरती वळत नाही. डॉक्टरांनी आम्हाला मधला मार्ग सांगितला. दर दोन महिन्यांनी दवाखान्यात पोटावरचे आणि शेपटीखालचे केस आखूड करून घ्यायचे, म्हणजे सर्वांत अवघड जागा सोप्या होतात. काखा आणि कानांमागचा भाग माझ्याकडे. पाठ, गाल आणि मान सासूबाईंकडे. यांनी फणीच्या दांड्याला जुनी सुती पट्टी गुंडाळून ती जाड केली, आता ती हातातून निसटत नाही. हाताच्या व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्या कंटाळून टाकून देत. फणी मात्र त्या रोज न चुकता धरतात.

मला आता एकच गोष्ट सांगावीशी वाटते, विशेषतः मुलांच्या हट्टासाठी किंवा वाढदिवसाची भेट म्हणून पर्शियन मांजर घेऊ पाहणाऱ्यांना. पिल्लाचा भाव विचारण्याआधी घरात रोजची दहा मिनिटे कोणाकडे आहेत ते विचारा. ज्याच्याकडे आज आहेत त्याचा हात उद्या मोडला, त्याला परगावी नोकरी लागली, तर फणी कोण उचलेल तेही ठरवा. कोणीच नसेल तर आखूड केसांचे गावरान पिल्लू आणा. ते तितकेच लळा लावते आणि आपली वेणीफणी आपण करते. आणि लांब केसांचे मांजर घरात आहे, पण घरात एकटे म्हातारे माणूस आहे, हात चालत नाहीत, अशी स्थिती असेल तर पशुवैद्यांकडून केस नियमित आखूड करून घेण्यात कसलाही कमीपणा मानू नका. जटांपेक्षा ते शतपटीने बरे.

परवा भाभी पुन्हा आल्या होत्या. पारा पुन्हा वर गेलेला. कापशी कूलरसमोर पसरलेली, पांढरे केस वाऱ्यावर हलत होते. भाभी म्हणाल्या, "इस साल फिर कंबल ओढ़ लिया इसने?"

सासूबाई फणीतले केस काढत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "कंबल नहीं है भाभी, खस का परदा है. बस, रोज झाड़ना पड़ता है."